सहाव्या मजल्यावरची गॅलरी

व्हितोमिरनं उभं आयुष्य शहरातल्या बसची वेळापत्रकं आखण्यात घालवलं, आणि उभं आयुष्य लोकांनी त्याला एकच प्रश्न विचारला, की बस कुठं तडफडली. लग्नात विचारला, बारशात विचारला, न्हाव्याच्या खुर्चीत विचारला, आणि हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळी भूल देणाऱ्या डॉक्टरनंसुद्धा विचारला. त्यामुळे निवृत्त झाल्या दिवशीच त्यानं ठरवून टाकलं की आता ज्यात माणूसच नाही असा एखादा छंद लावून घ्यायचा. त्यानं इमारतींचे फोटो काढायला घेतले. इमारत उशिरा येत नाही, वेळेआधी निघून जात नाही आणि तक्रार करत नाही. यातली शेवटची गोष्ट चुकीची होती हे त्याला पुढं कळलं.

नव्या बेलग्रेडमध्ये राहणाऱ्याला इमारतींसाठी लांब जावं लागत नाही. पडदा सरकवला की समोर सिमेंट. आमच्या ब्लॉकला कुणी कधी सुंदर म्हटलं नव्हतं, आणि आम्हालाही तसा संशय आला नव्हता. आम्ही त्यात राहत होतो, लिफ्ट बंद पडली की जिने चढत होतो, वरच्यांचं पाणी आमच्या छतातून गळत होतं. सौंदर्य बघायला सवड कुणाला होती? व्हितोमिरनं मात्र एका सकाळी मान वर करून आपलीच इमारत पाहिली आणि त्याला, त्याच्याच शब्दांत सांगायचं तर, साक्षात्कार झाला. त्याची बायको नेवेंका म्हणाली की मान अवघडली असेल, मलम लाव.

मुलाचा जुना संगणक स्वयंपाकघरातल्या टेबलावर आला. इंटरनेटवर कुणी एक टकला पोर्तुगीज फुकट धडे द्यायचा, त्याला व्हितोमिरनं गुरू केलं. भाषा कळायची नाही, पण हात कळायचे. आधी फोटोतला रंग काढून टाकायचा. मग निळ्याची पट्टी खाली ओढून आभाळ काळंकुट्ट करायचं. ढग असतील तर ते एका दिशेनं फरफटवायचे. वर निमुळत्या होत गेलेल्या भिंती ताणून सरळ उभ्या करायच्या. मग ब्रश घेऊन इमारतीची एक बाजू उजळत न्यायची आणि दुसरी अंधारात बुडवायची, इतकी की जगबुडीनंतर ती एकटीच उरलीय असं वाटलं पाहिजे. व्हितोमिरचा हात या कामात भलताच बसला. त्याच्या फोटोत आमचं टपाल कार्यालय तुरुंगासारखं दिसायचं आणि बालवाडी शवागारासारखी. त्याला दोन्हींचा सारखाच अभिमान होता.

नेवेंका त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला लाल मिरच्या भाजून सोलत बसायची आणि चष्म्यावरून पडद्याकडे बघायची.

"परत करपलं तुझं आभाळ," ती म्हणायची.

"याला नाट्य म्हणतात."

"मग माझ्या मिरच्यांवरही नाट्य आहे. पण मी ते खरवडून टाकते."

सगळ्यात शेवटी यायची ती स्वच्छता, आणि खरं सांगायचं तर व्हितोमिरचा जीव तिच्यातच होता. त्या संगणकात एक हत्यार असतं. त्यानं शेजारच्या कोऱ्या भिंतीचा तुकडा उचलायचा आणि नको त्या गोष्टीवर चिकटवायचा, की ती गोष्ट नव्हतीच. व्हितोमिरनं वाळत घातलेले कपडे पुसले. एसीचे डबे पुसले, डिश अँटेना पुसल्या, गॅलरीत रचलेली लाकडं, लोणच्याच्या बरण्या, मुलांच्या सायकली पुसल्या. बाकावर बसलेले दोन म्हातारे पुसले, आणि मागाहून त्यातला एक आपला सासरा आहे हे लक्षात आलं तरी परत आणला नाही. ज्या माणसाला चाळीस वर्षं प्रवाशांनी छळलं होतं त्याच्या हाती असं हत्यार आल्यावर दुसरं काय होणार?

आता ब्लागोये कोण ते सांगायला हवं. ब्लागोये सहाव्या मजल्यावर राहायचा, व्हितोमिर नवव्या. ब्लागोये सुतार होता, आणि व्हितोमिरचा कुम होता. लग्नात जो साक्षीला उभा राहतो तो कुम. आमच्याकडे भाऊ भावाशी कोर्टात भांडतो आणि लोक मान हलवून पुढं जातात, पण कुमाशी अबोला धरणाऱ्याकडे शेजारीण बोट दाखवते. ब्लागोये व्हितोमिरच्या लग्नात उभा राहिला होता आणि व्हितोमिर ब्लागोयेच्या. एकमेकांच्या मुलांची नावंही त्यांनीच ठेवली होती.

ब्लागोयेच्या बायकोची, रुझित्साची, छाती अधू झाली तेव्हा तिला हिवाळ्यात बाहेर पडणं बंद झालं, आणि ऊन तर तिला हवं होतं. म्हणून ब्लागोयेनं गॅलरी बंद करून घेतली. तशा आमच्याकडे अर्ध्या लोकांनी गॅलऱ्या बंद केल्यात, ज्याला जे मिळेल त्यानं. ब्लागोयेला एका पाडलेल्या दवाखान्याच्या खिडक्या मिळाल्या. त्यानं त्या तासल्या, हिरव्या रंगवल्या आणि एका शनिवारी दोघांनी मिळून बसवल्या. ब्लागोये खिळे ठोकत होता आणि व्हितोमिर खांब धरून उभा होता. रुझित्सा आतून सूचना करत होती. त्या काचेमागं ती दोन हिवाळे बसली, गुडघ्यावर शाल आणि मांडीवर मांजर घेऊन, आणि तिसरा हिवाळा येण्याआधी गेली. मांजर अजून तिथंच बसतं.

व्हितोमिरनं आमच्या इमारतीचा मोठा फोटो घेतला, तो साफ केला आणि शेवटी त्याची नजर त्या गॅलरीवर आली. बाकीचा सगळा दर्शनी भाग कसा सैन्याच्या कवायतीसारखा सरळ, आणि मधेच हा हिरवा फुगवटा. रंग काढल्यावर तर तो मळकट राखाडी झाला, बुडाखाली आलेल्या उशीसारखा. टकला पोर्तुगीज अशा वेळी काय करतो ते व्हितोमिरला पाठ होतं. त्यानं सातव्या मजल्याची मोकळी गॅलरी उचलली आणि सहाव्यावर चिकटवली. काम संपायला कॉफी थंड होण्याइतकाही वेळ लागला नाही. त्या वेळी त्याच्या मनात रुझित्सा आली नाही, ब्लागोये आला नाही, आपण धरलेला खांबही आला नाही. मनात एवढंच आलं, की आता जमलं.

आणि खरंच जमलं होतं. वस्तीच्या समाजगृहानं नव्या वर्षाचं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, त्यात नोव्हेंबरच्या पानावर तो फोटो आला. ब्लॉकभर कौतुक झालं. सगळ्यात जास्त उड्या मारल्या त्या ब्लागोयेनं. माझ्या कुमाचा फोटो, माझ्या कुमाचा फोटो, असं म्हणत त्यानं बगलेत बसतील तेवढी कॅलेंडरं उचलली, मुलीला स्वीडनला पाठवायला, मेहुण्याला द्यायला, वखारीत लावायला. मग घरी जाऊन मुलीच्या प्रतीवर आपल्या गॅलरीभोवती पेनानं गोल करायला म्हणून त्यानं भिंग घेतलं.

संध्याकाळी तो नवव्या मजल्यावर आला. कॅलेंडर हातात, नोव्हेंबर उघडा.

"व्हितोमिर," तो म्हणाला. त्यानं नेहमीसारखं कुमा म्हटलं नाही, हे नेवेंकाला आतल्या खोलीतसुद्धा ऐकू गेलं. "मी कुठं राहतो?"

या प्रश्नाला माणसानं काय उत्तर द्यावं? माफी मागावी, किंवा निदान गप्प राहावं. व्हितोमिरला मात्र नेमकं तेव्हाच शहाणपण सुचलं. तो म्हणाला की रचनेच्या दृष्टीनं ती गॅलरी नजरेला अडखळवत होती. हे वाक्य त्यानं कुठंतरी वाचलं होतं आणि ते वापरायची संधी तो शोधत होता. ब्लागोयेनं कॅलेंडरची गुंडाळी केली, ती शांतपणे व्हितोमिरच्या बुटांच्या कपाटावर ठेवली आणि तो जिन्यानं खाली गेला. लिफ्ट चालू होती तरी.

त्यानंतर तो बोलला नाही. लिफ्टमध्ये व्हितोमिर असला तर तो खाली पत्रांच्या पेटीशी काहीतरी शोधत राहायचा. वसंतात व्हितोमिरच्या घरच्या संताचा दिवस आला. त्या दिवशी आमच्याकडे आमंत्रण द्यायची पद्धत नाही. घर उघडं असतं, ज्याला यायचं तो येतो, आणि न बोलावता येणं हेच नातं. नेवेंकानं ब्लागोयेची ताटली मांडली, त्याच्या आवडीचा कोबीत गुंडाळलेला खिमा केला. दिवस मावळेपर्यंत व्हितोमिर दाराच्या प्रत्येक घंटीला स्वतः उठत होता. ब्लागोये आला नाही. ताटली धुवायची गरज नव्हती, तरी नेवेंकानं ती धुतली.

व्हितोमिरला खाली जाऊन दार वाजवता आलं नसतं का? आलं असतं. तीन मजले तर होते. पण आम्ही या बाबतीत खास आहोत. आम्हाला माफी मागण्यापेक्षा मूत्रपिंड देणं सोपं जातं. तो रोज मनात खाली जायचा आणि रोज सातव्या मजल्यावरून परत फिरायचा.

मग सप्टेंबरात समाजगृहाच्या बाईंनी त्याला प्रदर्शन भरवायला सांगितलं. संध्याकाळी हॉल लोकनृत्यवाल्यांचा आणि शनिवार-रविवार बुद्धिबळवाल्यांचा, तेव्हा शुक्रवारी दुपारी एक वाजता उद्घाटन ठरलं. व्हितोमिर हवेत तरंगायला लागला, पण तरंगता तरंगता त्याच्या मनात एकच विचार होता. ब्लागोये येईल का? शहरातले सगळे लोक आले आणि ब्लागोये आला नाही, तर ते प्रदर्शन त्याच्या दृष्टीनं रिकामंच होतं. आता बोलावायला जाणं जमत नव्हतं, तेव्हा त्यानं युक्ती काढली. इमारतीच्या दारावर जाहिरात लावायची. दारातून सगळेच जातात, ब्लागोयेही जातो. म्हणजे बोलावलंही नाही, आणि बोलावलंही.

जाहिरात त्यानं स्वतः बनवली आणि सगळी विद्या तिच्यात ओतली. इमारतीऐवजी स्वतःचा चेहरा घातला, कारण मोठे छायाचित्रकार तसंच करतात असं त्याला वाटलं. टेबलावरच्या दिव्याखाली काढलेला फोटो, अर्धा चेहरा उजेडात, अर्धा अंधारात, डोळे कुठंतरी लांब. भोवती जाड काळी चौकट. वर ठळक अक्षरांत नाव आणि आडनाव. नावाखाली तरुणपणी पहिला कॅमेरा घेतल्याचं साल, आडवी रेघ आणि चालू साल. त्याखाली प्रदर्शनाचं नाव, 'अखेरचा उजेड'. आणि त्याखाली, शुक्रवार, दुपारी एक वाजता. प्रदर्शन हा शब्द आणि समाजगृहाचा पत्ता त्यानं सगळ्यात खाली, काळ्यावर गडद राखाडीत, बारीक टाकला, कारण तो भडकपणाच्या विरुद्ध होता.

नेवेंका बहिणीकडे पांचेवोला निघाली होती, वर्षाच्या मिरच्या भाजायला. जाता जाता तिनं ती जाहिरात पाहिली.

"यात तू माझ्या आजोबांसारखा दिसतोस."

"तुझे आजोबा देखणे होते," व्हितोमिर म्हणाला.

"मी त्यांच्या शेवटच्या फोटोबद्दल बोलतेय."

व्हितोमिरनं त्यातलं सोयीचं तेवढं ऐकलं.

आमच्या दारावर सूचना लावायची एक काचबंद फळी आहे, तिची किल्ली सोसायटीच्या अध्यक्ष कोसाराबाईंकडे असते आणि कोसाराबाई ती कुणाला देत नाहीत. म्हणून व्हितोमिरनं जाहिरात दाराच्या काचेवरच चिकटवली, डाव्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर. दुसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या मास्तरांचा कागद तिथून आदल्याच आठवड्यात निघाला होता, चिकटपट्टीचे कोपरे अजून होते. आमच्याकडे माणूस गेला की त्याच जागी कागद लागतो. काळी चौकट, फोटो, नाव, जन्माचं साल, रेघ, मरणाचं साल, आणि अंत्यविधीचा वार व वेळ. दफनभूमीचं नाव वाचायची कुणाला गरज पडत नाही, ती सगळ्यांना ठाऊक असते. हे व्हितोमिरला ठाऊक नव्हतं असं नाही. असे कागद त्यानं जन्मभर वाचले होते. पण कलावंत एकदा कागदापासून दोन पावलं मागं सरकून डोळे बारीक करून बघायला लागला की त्याला फक्त रचना दिसते. त्यानं तसं पाहिलं, समाधानानं मान हलवली आणि तो वर जाऊन झोपला.

कोसाराबाईंनी कागद पाहिला आणि पुष्पचक्रासाठी दारोदार फिरायला सुरुवात केली. चौथ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या की कालच तर लिफ्टमध्ये भेटला होता, चांगला हसत होता. पाचव्यावरच्या गृहस्थांनी साल वाचून हिशेब केला आणि म्हणाले की अरेरे, फारच तरुण होता, दिसायचा मात्र मोठा. सगळ्यांनी उसासे टाकले. नेवेंकाला फोन करून त्रास नको, असंही ठरलं.

दुपारी व्हितोमिरच्या दाराची घंटी वाजली. तो ट्रॅकसूटच्या पँटमध्ये, तोंडात सॉसेजचा घास, तसाच दार उघडायला गेला. दारात ब्लागोये. काळा सदरा, दाढी न केलेली, डोळे लाल. एका हातात कॉफीचा पुडा, दुसऱ्या हातात घरच्या दारूची बाटली. मयताच्या घरी हेच न्यायचं असतं.

ब्लागोये बघत राहिला. काही सुचत नसलं की माणूस जे ठरवून आलेला असतो तेच बोलतो.

"नेवेंका आहे?"

"ती पांचेवोला गेलीय. बहिणीकडे."

"आजच्या दिवशी?"

"आज काय आहे?"

 ब्लागोये आत आला, स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसला आणि त्याचे खांदे हलायला लागले. व्हितोमिरला कळेना हा हसतोय की रडतोय. ब्लागोयेलाही कळत नसावं. मग त्यानं दाराकडे बोट करून, खालचा कागद, एवढंच म्हटलं, आणि व्हितोमिरला आपला तो कागद पहिल्यांदा रचना सोडून दिसला. चौकट दिसली, साल दिसलं, रेघ दिसली, 'अखेरचा उजेड' दिसलं. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ज्याची इतके दिवस वाट पाहिली तो कुम समोर बसला होता, आणि त्याला आणायला आपल्याला मरावं लागलं होतं, तेही स्वतःच्या हातानं, छापून.

ब्लागोयेनं दोन पेले मागितले आणि दारू ओतली. पिण्याआधी त्यानं पेला तिरका करून एक थेंब फरशीवर सांडला, मेलेल्याच्या नावानं सांडतात तसा.

"तो कुणासाठी?" व्हितोमिरनं विचारलं.

"हात तसा चालला. बस आता."

ते प्यायले. पेले भिडवले नाहीत. माफी मागायची हीच वेळ होती, दारही वाजवायचं नव्हतं, माणूस स्वतःहून आला होता. व्हितोमिरनं तोंड उघडलं आणि ओठांतून निघालं ते भलतंच.

"शुक्रवारी येशील ना?"

ब्लागोयेनं पेला खाली ठेवला. "मातीला आलो असतो," तो म्हणाला. "खांदाही दिला असता. पण ज्या भिंतीवर मी नाही ती बघायला कशाला येऊ?"

तो उठला. व्हितोमिरनं घाईघाईनं बाटली आणि कॉफी त्याच्या हातात द्यायला पाहिली.

"मेलेल्याच्या घरी आणलेलं परत नेत नाहीत," ब्लागोये म्हणाला आणि गेला. या वेळी लिफ्टनं.

व्हितोमिर खाली उतरला आणि त्यानं कागदावर जाड पेनानं लिहिलं, 'मी जिवंत आहे.' तासाभरात कुणीतरी तो फाडून टाकला. मेलेल्या माणसाची असली थट्टा करणारी पोरं कुणाची, याची चौकशी कोसाराबाईंनी सुरू केली. शेवटी व्हितोमिर स्वतः त्यांच्या दारात उभा राहिला. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, छातीवर क्रूसाची खूण केली आणि मग त्यांना राग आला.

"अहो व्हितोमिर, पुष्पचक्राची फीत छापून झालीय," त्या म्हणाल्या. "फुलवाला परत घेत नाही. तुमचं नाव दुसऱ्या कुणाला चालणार आहे का?"

पुढचे दिवस व्हितोमिरनं संगणकासमोर काढले. त्याला ती गॅलरी परत आणायची होती, बस. पण मूळ फोटो नव्हता. साफ केलेलाच त्यानं त्या वेळी मोठ्या खुशीत त्याच्यावर साठवला होता. मग तो कॅमेरा घेऊन खाली गेला, गॅलरीचा नवा फोटो काढला, रंग काढला, कापला आणि सहाव्या मजल्यावर चिकटवला. उजेड उलट्या बाजूनं येत होता. त्यानं तो फिरवला, तर खिडक्यांच्या कड्या डावीकडे गेल्या. गडद केला, तर गॅलरी कोळशाची वखार झाली. उजळला, तर भिंतीवर टाकलेला रुमाल. जी गॅलरी पुसताना कॉफी थंड झाली नव्हती, ती परत आणताना नेवेंकाच्या सगळ्या मिरच्या भाजून झाल्या, बरण्या भरल्या आणि ती घरीही आली. तिला बातमी पांचेवोतच कळली होती.  तिनं फक्त त्याच्या गालाला हात लावून पाहिला, गरम आहे का ते.

"खाली जा आणि सांग त्याला," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"ते मी कसं सांगू? पुसलंस तू."

तो खाली गेला नाही. सातव्या मजल्यापर्यंत गेला.

शुक्रवारी एक वाजल्यानंतर समाजगृह भरलं. एवढी गर्दी आमच्या वस्तीत कलेला कधी झाली नव्हती, आणि खरं सांगायचं तर कलेला झालीच नव्हती. अर्ध्या लोकांना खुलासा पोचला नव्हता, ते दफनभूमीवर जाऊन, तिथं कुणी नाही बघून, इकडे आले होते. बरेचजण काळ्या कपड्यांत होते. चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी साखर आणि अक्रोड घातलेले शिजवलेले गहू आणले होते, ते मयताच्या नावानं प्रत्येकानं चमचाभर खायचे असतात. केले तर टाकायचे कशाला, असं म्हणून त्यांनी ते दारातच मांडले. त्यांच्या बाजूला ते भलंमोठं पुष्पचक्र उभं होतं, फितीसकट. 'लाडके शेजारी व्हितोमिर यांस, सर्व रहिवासी.' व्हितोमिर त्याच्या शेजारी सूट घालून उभा होता आणि येणाऱ्यांशी हात मिळवत होता. काहींनी सवयीनं सांत्वन केलं. त्यानं आभार मानले.

मेल्यावर आपण इतके आवडते होऊ असं त्याला वाटलं नव्हतं. जिवंतपणी मात्र ते टिकलं नाही. लोक फोटोंपाशी गेले आणि जो तो आपली खिडकी शोधायला लागला. बोटं काचकागदासारखी भिंतीवरून फिरायला लागली. माझा एसी कुठाय? आमचे कपडे होते की इथं. पाचव्यावरच्या गृहस्थांनी विचारलं की सगळ्या खिडक्या काळ्या कशा, आम्ही काय वीजबिल भरत नाही? नेवेंकाचे वडील, नव्वदी ओलांडलेले, बाकाच्या फोटोसमोर काठी टेकून बराच वेळ उभे राहिले. मग ते व्हितोमिरकडे वळून म्हणाले, "जावईबापू, मी यात आधीच गेलोय का?" व्हितोमिरला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. इतके दिवस तो आभाळाला नाट्य शिकवत होता. आता कुठं त्याच्या ध्यानात आलं, की आपण आपल्याच लोकांना एकेक करून घराबाहेर काढलं, आणि वर त्यांनाच ते बघायला बोलावलं.

मधल्या भिंतीवर तो मोठा फोटो होता. तो न लावण्याचा विचार व्हितोमिरनं केला होता, पण मग लपवल्यासारखं झालं असतं, म्हणून लावला. त्यावर काच नव्हती. काचेनं काळा रंग मरतो, असं तो सगळ्यांना सांगायचा. त्याच्यासमोर आता कोसाराबाई उभ्या होत्या आणि आपलं स्वयंपाकघर सापडल्यामुळे जरा मवाळ झाल्या होत्या. व्हितोमिर दाराकडे बघत होता. दोन वाजत आले. गहू संपत आले. लोक कोट घालायला लागले.

तेव्हा ब्लागोये आला. कामाच्या कपड्यांत, कोपरावर लाकडाचा भुसा. पुष्पचक्रापाशी तो थांबला, फीत वाचली आणि नाकातून हवा सोडली. कुणाशी न बोलता तो सरळ मधल्या भिंतीपाशी गेला. लोकांनी वाट दिली. कुमांचं भांडण ब्लॉकभर माहीत होतं.

त्यानं बोटानं मजले मोजले, खालून वर, सहापर्यंत. बोट तिथं ठेवलं. मग वरच्या खिशातून खडू काढला, फळीवर खूण करायचा पांढरा खडू, आणि त्या काळ्या, काच नसलेल्या, महागड्या कागदावर रेघ ओढली.

कोसाराबाईंनी श्वास आत घेतला. व्हितोमिर पुढं आला, हात अर्धा वर झाला आणि तिथंच राहिला. ब्लागोये काढत होता. आधी खालची पट्टी, मग वरची, मग दोन्ही बाजूंचे खांब, मग दवाखान्याच्या खिडक्या एकीला लागून एक, त्यांचे आडवे उभे गज, कड्या उजव्या बाजूला. सुताराचा हात, कुठं पुसलं नाही, कुठं परत गिरवलं नाही. सगळ्यात शेवटी मधल्या काचेत त्यानं एक लहानसा गोल काढला आणि त्यावर दोन टोकदार कान. त्याच्या मागं थोडी जागा त्यानं मोकळी सोडली. तिथं तो खडू टेकवून क्षणभर थांबला, पण काही काढलं नाही.

 व्हितोमिरनं इतके महिने घोकलेली माफी, रात्री स्वतः रचलेली, सगळी तोंडाशी आली. आणि आयुष्यभर सरळ रकाने आखलेल्या त्या माणसाच्या डोळ्यांना नेमकं तेव्हाच एक दिसलं.

"डावा खांब वाकडा काढलास," तो म्हणाला.

ब्लागोयेनं खडू खिशात ठेवला आणि हात झटकले.

"वाकडाच आहे, कुमा," तो म्हणाला. "तो तू धरला होतास."